कृष्णवर्णीय पेशंटचं दुखणं कमी का मोजलं जातं, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरने काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातून एमबीबीएस करून येत्या जुलैत अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीला, म्हणजे इस्पितळातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला, लागणाऱ्या एका डॉक्टरने विचारलंय: तिथे काम बघायला गेलो होतो तेव्हा एका सीनियरने सिकलसेलच्या (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं ठणकतात, असा आनुवंशिक रक्ताचा आजार) कृष्णवर्णीय पेशंटकडे बघून सांगितलं, "हे लोक इंजेक्शनसाठीच येतात." म्हणजे दुखण्याचं निमित्त, हवी ती नशा. हा वंशभेद आहे की अनुभवाचे बोल? याला काही पुरावा आहे का? आपण बाहेरून आलेली माणसं, आपण काय करणार? आणि आपल्याकडे हे होतं का?

मी विदर्भात शिकले. गेली वीसहून जास्त वर्षं अमेरिकेच्या दक्षिण भागात वेदना आणि पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्याचं, काम करते. सरळ उत्तर आधी देते. हो, हा भेदभाव आहे. तो मोजलाही गेलाय, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आणि तो ज्यांच्या हातून होतो त्यातल्या बहुतेकांना आपण असं काही करतो हे पटत नाही. मलाही पटलं नसतं.

रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, इमर्जन्सीची रात्रपाळी. शेजारशेजारच्या दोन खाटा, मध्ये पडदा. एकीवर मूतखड्याचा पेशंट, पन्नाशीचा गोरा माणूस. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन कण्हायचा. दुसरीवर सिकलसेलचा एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. पाठ आणि मांड्या ठणकताहेत म्हणाला, दहापैकी दहा म्हणाला, आणि कानाला हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खडेवाल्याला अर्ध्या तासात इंजेक्शन मिळालं. या मुलाला मिळायला दोन तासांच्या वर गेले, कारण मी म्हटलं, आधी रक्ताचे रिपोर्ट येऊ देत. रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन त्याचं नेहमी असतं तेवढंच होतं, नाडी आणि रक्तदाब ठीक. मी केसपेपरवर लिहिलं, "दहापैकी दहा वेदना असल्याचा दावा करतो, मात्र हेडफोनवर गाणी ऐकत आहे."

पहाटे त्याला ताप चढला, धाप लागली, छातीच्या एक्स-रेमध्ये नवी सावली दिसली. अक्यूट चेस्ट सिंड्रोम. सिकलसेलमध्ये माणूस दगावतो त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. पाठ आणि बरगड्या दुखत असल्या की माणूस श्वास पुरता घेत नाही, फुप्फुसाचा तळ नीट उघडत नाही, आणि तिथून हे सुरू होऊ शकतं. माझ्या दोन तासांमुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. झालं नाही असंही म्हणू शकत नाही. तो आयसीयूत गेला आणि वाचला. चारेक दिवसांनी वॉर्डात त्याला विचारलं, इतकं दुखत होतं तर गाणी कसली ऐकत होतास? तो म्हणाला, "ओरडलो की तुम्ही सिक्युरिटीला बोलावता. गप्प पडलो की दुखत नाही म्हणता. गाण्याने वेळ तरी जातो."

लहानपणापासून दुखणं सोसलेली माणसं अशीच असतात. फोनवर बोलतात, टीव्ही बघतात, हसतातसुद्धा. लक्ष दुसरीकडे नेणं हे त्यांचं औषध असतं. मला हे पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. मूतखड्याचं कण्हणं मात्र शिकवलं होतं.

२०१८ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. ४१३ वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंट्सना एका सिकलसेल पेशंटचा केसपेपर वाचायला दिला. पेशंट एकच, आजार एकच, पण कागदाचे दोन नमुने. एकात साधं लिहिलं होतं की आदल्या दुपारी तो मित्रांबरोबर होता. दुसऱ्यात तीच गोष्ट अशी, की तो मित्रांबरोबर मॅकडोनाल्डच्या बाहेर टवाळक्या करत होता. असेच आणखी चारदोन बारीक फरक. दुसरा कागद वाचणाऱ्यांचं त्या माणसाबद्दलचं मत वाईट झालं, आणि त्यांनी वेदनेवर औषधही हात आखडून सुचवलं. मॅकडोनाल्डचं ते वाक्य वाचताना मला माझा हेडफोन आठवला. माझ्यानंतरच्या पाळीचा डॉक्टर त्या मुलाला भेटण्याआधी माझं वाक्य वाचणार होता.

आता पुराव्याचं. मला सगळ्यात पक्का पुरावा वाटतो तो मोडलेल्या हाडाचा, कारण तिथे नाटकाला जागाच नसते, एक्स-रेत हाड मोडलेलं दिसतं. १९९३ साली लॉस एंजेलिसमधल्या एका इमर्जन्सी विभागाचे कागद तपासले गेले. हातापायाचं लांब हाड मोडून आलेल्या लॅटिनो पेशंटपैकी ५५ टक्क्यांना वेदनेचं कुठलंच औषध मिळालं नव्हतं, गोऱ्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं. त्याच संशोधकाने २००० साली अटलांटात तेच केलं. गोऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना औषध मिळालं होतं, कृष्णवर्णीयांपैकी ५७ टक्क्यांना. दुखत असल्याची नोंद मात्र दोन्ही गटांच्या कागदांवर सारखीच होती. म्हणजे कळलं होतं, लिहिलंही होतं, फक्त औषध द्यायची वेळ आली तेव्हा हात वेगळा चालला.

मुलांनाही यातून सूट नाही. अपेंडिक्स सुजून इमर्जन्सीत आलेल्या मुलांची देशभरातली २००३ ते २०१० ची माहिती तपासून २०१५ साली एक अभ्यास आला. तीव्र वेदना असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना अफूवर्गीय (मॉर्फिनसारखं) औषध मिळण्याची शक्यता गोऱ्या मुलांच्या सुमारे एक पंचमांश निघाली. अपेंडिक्सचं पोर काय नशेच्या इंजेक्शनसाठी आलेलं असतं का? 'हे लोक औषधासाठी येतात' हा युक्तिवाद इथे मोडून पडतो. म्हणून तुमच्या सीनियरच्या वाक्याला मी अनुभव म्हणत नाही. त्याने बघितलं असेल ते खरंही असेल, पण काय बघायचं हे आधीच ठरलेलं होतं.

ते कुणी ठरवलं, हे बघायला अलाबामातल्या माँटगोमेरीला जावं लागतं. १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने तिथे बाळंतपणातल्या फिस्टुलावरची शस्त्रक्रिया गुलाम बायकांवर करकरून बसवली. फिस्टुला म्हणजे अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये पडलेलं भोक, ज्यातून बाई रात्रंदिवस ओली राहते. त्यातल्या तिघींची नावं इतिहासात उरली आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या अनार्कावर त्याने सुमारे तीस वेळा सुरी चालवली, भूल न देता. बॉस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक १६ ऑक्टोबर १८४६ ला झालं, म्हणजे या शस्त्रक्रिया चालू असताना. त्याच्या आधीचं एक वेळ समजू, नंतरचं कसं समजायचं? १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने तर गुलामांच्या कातडीला संवेदना कमी असते असं सांगून त्याला लॅटिन-ग्रीक थाटाचं रोगाचं नावच देऊन टाकलं. ज्याला उन्हात फुकट राबवायचंय, चाबकाने फोडायचंय, त्याला फारसं दुखत नाही हे 'शास्त्र' मालकांच्या किती सोयीचं होतं ते उघड आहे.

सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला २०१८ पर्यंत उभा होता. एप्रिलमध्ये तो हलवला. २०२१ साली माँटगोमेरीत त्या तिघींचं स्मारक उभं राहिलं. मी ते बघून आले. पुतळा हलवता येतो, पण जाड कातडीची समजूत वर्गातून हलली नाही. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात २२२ गोऱ्या विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंट्सना काही विधानं देऊन खरं-खोटं विचारलं. कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते, त्यांच्या मज्जातंतूंची टोकं कमी संवेदनशील असतात, त्यांचं रक्त लवकर गोठतं, असली. जवळजवळ निम्म्या जणांनी यातलं निदान एक तरी विधान कमीअधिक खरं मानलं. आणि ज्यांनी मानलं त्यांनी कृष्णवर्णीय पेशंटच्या वेदनेला कमी गुण दिले, उपचारही कमी अचूक सांगितले. ज्यांनी मानलं नाही त्यांच्यात हा फरक दिसला नाही. २०१६ साल. ही मुलं आता कन्सल्टंट झाली असतील.

तुम्ही म्हणाल, आपण तर यातलं काही शिकलेलो नाही, आपल्या मनात हे कुठून येणार? मीही हेच म्हणायचे. पण पहिल्या महिन्यात सीनियर ज्या सुरात हॅंडओव्हर देतो, म्हणजे पाळी संपताना पेशंटची माहिती सोपवतो, तो सूर आपण उचलतो. नवी सून जशी सासरची रीत न विचारता उचलते, तसं. व्हिसा, नोकरी, शिफारसपत्र सगळं त्यांच्या हातात. आपण त्यांच्यासारखे आहोत हे दाखवायची घाई असते. आणि घरून आणलेला गोऱ्या कातडीचा मोह असतो तो वेगळाच, लग्नाच्या जाहिराती वाचल्या असतील तुम्ही.

मूळ गोम अशी आहे की वेदनेला तपासणी नाही. साखर मोजता येते, दुखणं विचारावं लागतं आणि सांगितलेलं मानावं लागतं. मार्गो मॅककॅफरी या नर्सने १९६८ सालीच सांगून ठेवलंय की पेशंट ज्याला वेदना म्हणतो ती वेदना, आणि तो म्हणतो तेव्हा ती असते. परीक्षेत हे वाक्य सगळे लिहितात. पण रात्री दोन वाजता, बारा पेशंट खोळंबलेले असताना, कुणाचं सांगणं लगेच मानायचं आणि कुणाचं रिपोर्ट आल्यावर, हे डोकं आपोआप ठरवतं. भेदभाव शिरतो तो याच फटीतून. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की स्वतःचं मन स्वच्छ करत बसू नका, फट बुजवा. मन स्वच्छ व्हायला आयुष्य लागेल, तोवर खाटेवरचा माणूस थांबू शकत नाही. भेदभावावरची तासाभराची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली आणि काही दिलीही. त्याने लोक हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी तसंच वागतात. घड्याळ आणि ठरलेली ऑर्डर यांनी मात्र फरक पडताना मी बघितलाय. अलाबामातच, बर्मिंगहॅमच्या विद्यापीठ रुग्णालयात आतड्याच्या शस्त्रक्रियेतली भूल, नंतरची वेदनाशामकं, खाणं, उठून चालणं हे सगळ्यांसाठी एकाच ठरलेल्या पद्धतीने सुरू केलं, तेव्हा कृष्णवर्णीय पेशंट गोऱ्यांपेक्षा जास्त दिवस इस्पितळात राहतात हा जुना फरक मिटला. तिथे कुणाचं मन बदललं की नाही ते मला माहीत नाही. पद्धत बदलली होती.

सिकलसेलपुरतं घड्याळ ठरलेलं आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पेशंट दारात आल्यापासून तासाभरात पहिला डोस, मग दर ३० ते ६० मिनिटांनी पुन्हा विचारणा आणि गरज असेल तर पुन्हा डोस. प्रत्यक्षात काय होतं? २०१३ च्या एका अभ्यासात सिकलसेलचे पेशंट इतर पेशंटपेक्षा २५ टक्के जास्त वेळ ताटकळले, आणि हाड मोडलेल्यांपेक्षा ५० टक्के. सिकलसेलचा क्रायसिस (वेदनेचा झटका) 'सिद्ध' करणारी रक्ततपासणी नसते हे पक्कं लक्षात ठेवा. रक्त पाठवा, पण रिपोर्टसाठी इंजेक्शन अडवून ठेवू नका. व्हेन मिळत नसेल, आणि वर्षानुवर्षं सुया टोचलेल्या या हातांवर ती पुष्कळदा मिळत नाही, तर कातडीखालून द्या, नाकातून फेन्टॅनिल देता येतं. अर्धा तास व्हेन शोधणं म्हणजे उपचार चालू आहेत असं नव्हे.

पेशंटलाच विचारा की तुला कशाने बरं वाटतं, किती डोस लागतो, घरी काय घेतोस, शेवटचं कधी घेतलंस. इथे एक खोड मोडावी लागेल. सिकलसेलच्या पेशंटने औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम अचूक सांगितलं की भुवया उंचावतात, बघा, पाठच आहे याला. मधुमेहाच्या पेशंटने इन्शुलिनची युनिट्स अचूक सांगितली की आपण कौतुक करतो. वीस वर्षं एकच आजार घेऊन जगणारा माणूस आपल्या औषधाचं नाव विसरेल तरी कसा?

व्यसनाची भीती खोटी नाही, हे मी मनापासून मान्य करते. या देशात ओव्हरडोसने एकेका वर्षात लाखावर माणसं गेली आहेत. पण औषधांचा तो पूर कुणाच्या दारात आला ते बघा. देशभरातल्या ३१० आरोग्यसंस्थांच्या माहितीवरून २०२१ साली दिसलं की एकाच संस्थेत उपचार घेणाऱ्या कृष्णवर्णीयांना वर्षभरात मिळालेला अफूवर्गीय औषधांचा सरासरी डोस गोऱ्यांपेक्षा ३६ टक्के कमी होता. यावर काही जण म्हणतात की बरंच झालं, भेदभावाने त्यांना व्यसनापासून वाचवलं. कॅन्सर हाडात उतरलेल्या बाईच्या उशाशी बसून हे वाक्य म्हणून बघावं. २००० साली न्यूयॉर्कमधल्या औषधाच्या दुकानांची पाहणी झाली. प्रामुख्याने गोऱ्यांच्या वस्तीतल्या ७२ टक्के दुकानांत अशा पेशंटला पुरेल इतका औषधाचा साठा होता, गौरेतर वस्त्यांत २५ टक्के दुकानांत. म्हणजे चिठ्ठी हातात पडली तरी दुकानदार नाही म्हणणार. डिस्चार्ज देताना मी आजही दुकानात फोन लावून विचारते, औषध आहे का, किती आहे. तुम्हीही लावा, पाच मिनिटं लागतात.

आणि समजा, समोरच्याला खरंच व्यसन आहे. तर त्याला व्यसन आहे आणि त्याला दुखतंय. दोन्ही. कुणाला कोणती अफूवर्गीय औषधं मिळाली याच्या राज्याच्या नोंदणीत बघा, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या व्यसनावरच्या औषधांचा विचार करा, व्यसनतज्ज्ञाला बोलवा. उपाशी ठेवलं म्हणून कुणाचं व्यसन सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. असे लोक उठून निघून जातात आणि पुढच्या वेळी जास्त आजारी होऊन येतात.

केसपेपरवर काय लिहिता ते परत वाचा. 'दावा करतो' याऐवजी 'सांगतो' लिहा. 'सिकलर' लिहू नका, तो माणूस आहे, त्याला सिकलसेल आहे. हेडफोन, फोन, हसणं, खाणं या गोष्टी मूतखड्याच्या कागदावर लिहिल्या असत्या का, एवढं विचारून बघा. एप्रिल २०२१ पासून कायद्याने पेशंटला आपल्या नोंदी लगेच वाचता येतात. तो वाचणार आहे, त्याची आई वाचणार आहे.

थोडं यंत्रांबद्दलही, कारण आकडा आला की आपण निर्धास्त होतो. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर गडद कातडीवर चुकू शकतो. २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. त्या रात्री हेडफोनवाल्या मुलाच्या बोटावरचा आकडा बघून मी किती निश्चिंत होते, ते हा अभ्यास वाचताना आठवलं. सावळ्या मराठी पेशंटच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. गुडघ्याचंही तसंच. एक्स-रेवरून गुडघ्याची झीज मोजायची आपली श्रेणी १९५० च्या दशकात इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये बसवलेली, तिथल्या गोऱ्या लोकांवर. कृष्णवर्णीयांचा गुडघा एक्स-रेपेक्षा जास्त दुखतो, म्हणजे वेदना डोक्यात असणार, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. २०२१ साली संशोधकांनी संगणकाला एक्स-रेतून डॉक्टरांची श्रेणी नव्हे, तर पेशंटने सांगितलेली वेदना ओळखायला शिकवलं. दोन गटांच्या वेदनेत जो फरक होता, त्यातला जुन्या श्रेणीने ९ टक्केच उलगडायचा, संगणकाने ४३ टक्के उलगडला. दुखण्याचं कारण गुडघ्यातच होतं, बघणाऱ्याला ते दिसत नव्हतं. सांध्याच्या शस्त्रक्रियेला कुणाला पाठवायचं हे या श्रेणीवरही ठरतं, म्हणून हे मला फार मोठं वाटतं.

आता आपल्या माणसांकडे येते. २०१७ साली नर्सिंगच्या एका पाठ्यपुस्तकातली चौकट गाजली, वेगवेगळ्या संस्कृतींचे लोक वेदनेला कसे सामोरे जातात याची. कृष्णवर्णीय लोक वेदना इतरांपेक्षा जास्त सांगतात, असं त्यात होतं. आणि आपल्याबद्दल असं, की हिंदू रीत पाळणारे भारतीय पुढचा जन्म चांगला मिळावा म्हणून वेदना सोसली पाहिजे असं मानतात. ओरड झाल्यावर प्रकाशकाने माफी मागून मजकूर काढला.

मला ती चौकट वाचून एक आजी आठवल्या. आमच्या शहरात मुलाकडे आलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस. नर्सने आकडा विचारला, मुलाने भाषांतर केलं, आजी म्हणाल्या, "असू दे, होईल कमी." मुलाने सांगितलं, दोन. कागदावर दोन. औषध त्या हिशेबाने. मी संध्याकाळी गेले आणि आकडा विचारलाच नाही. म्हटलं, "आजी, रात्री डोळा लागला का? कूस बदलता येते?" तर म्हणाल्या, "कूस कसली गं पोरी, जरा हललं की सणक मस्तकात जाते. ठणका तर बसल्या जागीपण आहे. पण त्या बाईला किती हाका मारायच्या, बिचारी एकटी धावते." पुढच्या जन्माचा काही संबंध नव्हता. नर्सला त्रास नको आणि मुलाला काळजी नको, एवढंच होतं. सणक, ठणका, कळ, चमक, ठसठस, भगभग, उसण, कातरल्यासारखं, पिळवटल्यासारखं, इतके शब्द असलेल्या भाषेतल्या बाईला आपण शून्य ते दहामध्ये कोंबतो. म्हणून घरच्या माणसाला दुभाषा करू नका, इस्पितळाचा दुभाषा मागा, आणि आकड्याबरोबर झोप, कूस, खोकला, चार पावलं चालणं हे विचारा. हे प्रश्न सगळ्यांना विचारा, नुसत्या आजींना नव्हे.

तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्याकडे हे होतं का. जात आणि वंश एकच नाहीत आणि मी एकावर दुसरं चिकटवणार नाही. पण इंटर्नशिपमधली एक दुपार सांगते. विदर्भातलं एक सरकारी इस्पितळ. गडचिरोलीकडून आलेली माडिया आदिवासी मुलगी, सिकलसेल, पायाची हाडं दुखून भिंतीला टेकून बसलेली, तोंडातून शब्द नाही. राउंडवरचे सर म्हणाले, "यांना सवय असते, काटक लोक." सलाइन आणि पॅरासिटामॉल. पलीकडे शहरातल्या वस्तीतली, दलित घरातली बाई याच दुखण्याने ओरडत होती, तर तिला सिस्टर म्हणाल्या, "नाटकं बंद कर." तिलाही सलाइन आणि पॅरासिटामॉल. मी दोघींच्या मध्ये उभी होते, आणि तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. हेडफोनवाला मुलगा भेटेपर्यंत मला त्या दोघी आठवल्यासुद्धा नव्हत्या.

सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारमध्ये ज्या घरांत आहे ती बहुतेक आदिवासी आणि दलित घरं आहेत. भारतातला सिकलसेल सौम्य, असं आम्हाला शिकवलं जायचं. काहींच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यांना त्रास कमी होतो, एवढं खरं आहे. पण विदर्भातल्या मुलांमध्ये आजार चांगलाच तीव्र असू शकतो हे तिथल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलंय. त्यात तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनची अडचण. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफू पिकते आणि १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकाने कित्येक इस्पितळांच्या कपाटात मॉर्फिन नसायचं. २०१४ साली कायदा सैल केला. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. तपासणी व्हायलाच हवी. पण तपासणीचं कार्ड मिळालेल्या मुलीला रात्री कळ आली तर तालुक्याच्या इस्पितळात तासाभरात काय मिळतं, हेही कुणीतरी घड्याळ लावून बघायला हवं. तुमच्यापैकी जे परत जाणार असतील त्यांनी बघावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

राहता राहिला तुमचा सीनियर. जुलैत त्याच्याशी वंशभेदावर वाद घालू नका, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचं ते कुणी ऐकत नाही आणि पेशंटला त्याचा उपयोग नाही. पहिल्या आठवड्यातच सिकलसेलची ठरलेली ऑर्डर कॉम्प्युटरमध्ये कुठे आहे ते नर्सकडून शिकून घ्या. सहा महिन्यांनी तुमच्या पेशंटच्या पहिल्या डोसच्या वेळा मागवा, मूतखडा एका रकान्यात, सिकलसेल दुसऱ्यात. इस्पितळाचा क्वालिटी विभाग देतो. मी मागवल्या तेव्हा तो कागद दोन दिवस पिशवीत तसाच ठेवला होता, उघडायची हिंमत होत नव्हती. आणि रात्री सीनियर म्हणाला, "हा नेहमीचा आहे," तर एवढंच विचारा, "याची ठरलेली योजना काय आहे, आणि येऊन किती मिनिटं झाली?" उत्तर येईपर्यंत ऑर्डर टाकून मोकळे व्हा.